गाण्याचा सातबारा

कोल्हापूर

प्रिय बाळ,

पटकथा वाचली, दोनदा. ऑर्केस्ट्रात गाणारी शिवाजी पेठेतली पोरगी, शेजारचा हलगीवाला, दोघांनी गच्चीवर बसून बांधलेलं गाणं, मग मुंबईची कंपनी, मग ते गाणं सगळीकडं आणि हलगीवाला कुठंच नाही. गोष्ट उभी राहते. पण मध्यंतरानंतर तू काचेच्या केबिनमधला, काळ्या चष्म्याचा कंपनीवाला आणलास आणि तो टेबलावर हात आपटून बोलायला लागला, तिथं चित्रपट खाली बसला. त्याला काढ. या धंद्यात माणूस बुडतो तो कुणी दरडावल्यानं नव्हे. फॉर्मातल्या एका रकान्यात त्याचं नाव पडत नाही, म्हणून बुडतो.

आपल्याकडं जमिनीचं भांडण शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. गाण्याला एक सातबारा नसतो, तीन असतात. शब्दांचा वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द लिहिणारा पहिल्याचा मालक, चाल बांधणारा दुसऱ्याचा, आणि रेकॉर्डिंगचा खर्च उचलणारा बहुतेक वेळा तिसऱ्याचा. तुझ्या पटकथेत सगळे जण नुसतं "गाण्याचे हक्क" म्हणतात. असं धंद्यातलं कुणी बोलत नाही. "मास्टर कुणाचा?" असं विचारतात, म्हणजे ध्वनिमुद्रण कुणाच्या नावावर. "पब्लिशिंग कुणाकडं?" असं विचारतात, म्हणजे शब्द आणि चाल. हे दोन प्रश्न तुझ्या पात्रांच्या तोंडी आले की जाणकार प्रेक्षक खुर्चीत सावरून बसेल, आणि बाकीच्यांनाही काहीतरी खरं चाललंय एवढं कळेल.

आता तुझ्या गोष्टीतली मोठी चूक. कंपनी हलगीवाल्याकडून पाच हजारांत "सगळे हक्क" लिहून घेते आणि तो कायमचा संपतो, असं तू दाखवलंस. १९९५ची गोष्ट असती तर चाललं असतं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मागण्याचा हक्क आहे, आणि तो त्यांनी स्वतः सही करून सोडला तरी सुटत नाही. वारसाला देता येतो, नाहीतर कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजलं तर तो भाग यात धरत नाहीत, पण इतर वापर धरतात. तेव्हा कागदावरच्या "सगळे हक्क" या दोन शब्दांनी तुझा हलगीवाला संपत नाही. तुझा वकील मित्र पहिल्याच खेळाला हे सांगेल आणि उरलेला चित्रपट त्याला खोटा वाटेल.

मग तो बुडतो कसा? कायदा लेखकाला वाटा देतो. पण लेखक कोण, हे कायदा गच्चीवर येऊन बघत नाही. गाणं बाहेर काढताना वितरकाच्या फॉर्मात गीतकार, संगीतकार, गायक, संयोजक, मालक असे रकाने असतात. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक पडतो. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीकडं शब्द आणि चाल यांची नोंद करताना कुणाचे किती टक्के, ते लिहावं लागतं. हे सगळं कोण भरतं? कंपनीतला एक थकलेला पोरगा, शुक्रवारी संध्याकाळी, कारण गाणं सोमवारी बाहेर यायचंय. "संगीतकार" या रकान्यात तो ज्यानं स्टुडिओत संगणकावर वाद्यांचा ट्रॅक लावला त्या प्रोग्रामरचं नाव टाकतो. मेलवर तेच नाव असतं. पुढचे सगळे पैसे त्या नावानं वाहतात. हाच तुझा खलनायक: पंचवीस वर्षांचा, सभ्य, घरी जायची घाई असलेला. हा प्रसंग तू दीड मिनिटात, एकही चढा आवाज न काढता दाखवू शकतेस. पडद्यावर नुसता लुकलुकणारा कर्सर आणि बाजूला थंड झालेला चहा.

त्यात आणखी एक पेच आहे, तो सोडू नकोस. हलगीवाल्यानं दिलं ते चाल होती की वाजवणं? मुखड्याचे सूर त्यानं गुणगुणून दिले असतील तर तो संगीतकार. पोरीच्या चालीवर त्यानं नुसता ठेका धरला असेल तर तो वादक, आणि वादकाचे हक्क वेगळ्या कलमातले, सादरकर्त्याचे. पैसे वेगळे, मान वेगळा. तुझ्या पहिल्या प्रसंगात हे धूसर ठेव. तो "धा-तक-धा" म्हणता म्हणता शेवटचे चार सूर वर नेतो आणि ती ते उचलते. कुणाचं झालं ते? प्रेक्षकांत दोन गट पडले पाहिजेत, आणि खुद्द त्या दोघांतही.

त्या गच्चीवर पोरीनं फोनवर रेकॉर्डिंग केलंय, असं तू लिहिलंस आणि पुढं विसरून गेलीस. ते रेकॉर्डिंग म्हणजे तुझा चित्रपट आहे. कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही. गाणं रचलं गेलं की हक्क जन्मतो. भांडण होतं ते पुराव्याचं. तारीख-वेळ असलेली फोनमधली ती एक मिनीट चाळीस सेकंदांची फाइल, ज्यात वारा आहे, खालच्या गल्लीतली भाजीवाली ओरडतेय, आणि मधे त्याचा आवाज, "थांब, असं नाही, असं म्हण." ती शेवटी परत यायला हवी.

म्हणून म्हणतो, सात गाणी नकोत. दोन तासांच्या चित्रपटात एकच गाणं पाच रूपांत ऐकव. गच्चीवरचं, अर्धं. ऑर्केस्ट्रात, वेड्यावाकड्या बेसवर. स्टुडिओत, घासून-पुसून. कंपनीच्या स्टार गायिकेच्या तोंडी, नव्या पट्टीत. आणि पुन्हा गच्चीवरची फाइल. बाकी दोन-तीन गाणी असू देत, पण त्यांचे तुकडे. एकूण संगीत पस्तीस-चाळीस मिनिटांच्या पुढं नेऊ नकोस. प्रत्येक रूपात एक गोष्ट हरवली पाहिजे. ऑर्केस्ट्रात ते वर नेलेले चार सूर टिकतात. स्टुडिओत प्रोग्रामर त्यांना सरळ करतो, कारण "हुकला अडतात", म्हणजे डोक्यात बसणाऱ्या तुकड्याला. सूर-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर आवाजाचे लहान लहान ठोकळे दिसतात. त्यातला घसरत वर जाणारा ठोकळा माउसनं पकडून रेषेवर बसवला की मींड गेली. तो हात आणि तो ठोकळा जवळून दाखव. हलगीवाला काचेपलीकडं उभा आहे, त्याला आवाज येत नाही, फक्त रेषा सपाट होताना दिसते.

कराराचा प्रसंग आकड्यांवर उभा कर. पोरीला कंपनी तीन लाख आगाऊ देते. बापाला वाटतं बक्षीस. ते बक्षीस नसतं, तिच्या वाट्यातून वळती होणारी रक्कम असते. व्हिडिओचे पाच लाखही तिच्याच खात्यावर. वाटा वीस टक्के. म्हणजे आठ लाख फिटायला कंपनीकडं चाळीस लाख यावे लागतात. तोवर कंपनीनं आठ घालून बत्तीस उचललेले असतात आणि पोरीचं खातं नुकतं शून्यावर आलेलं असतं. हे कुणाच्या तोंडून सांगायचं? सीएच्या नको. तिच्या मामाच्या, जो साखर कारखान्यात ऊसबिलं काढतो. उचल आणि वळती हा हिशेब त्याला पाठ. तो बिलाच्याच कागदामागं पेन्सिलनं मांडेल आणि म्हणेल, "ही तर तोडणीवाल्याची उचल झाली गं." आणि एक लक्षात ठेव: हे खातं गायिका म्हणून. शब्द तिचे असतील तर गीतकार म्हणून तिचा हिशेब निराळा, आयपीआरएसची सभासद झाली तर पैसे तिकडून थेट. मामाला हे माहीत नसतं. प्रेक्षकाला नंतर कळू दे.

करारातली वाक्यं खरी वापर. "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत." "कंपनीच्या मर्जीनुसार पुढील तीन गाण्यांचा पर्याय." पर्याय हा शब्द फसवा आहे. पर्याय कंपनीला असतो, पोरीला नाही. आणि कायद्यातली एक बारीक गोष्ट तुझ्या वकील पात्राच्या कामाची आहे: हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपनीचा कागद कधीच आखूड नसतो. आखूड कागद ऑर्केस्ट्रावाल्याचा: कार्यक्रमाच्या सुपारीची तारीख, ठिकाण, बयाणा, सही, संपलं.

आता शूटिंगचं. पटकथा कितीही चांगली असली तरी असे चित्रपट इथंच मार खातात.

गाणं आधी, कॅमेरा नंतर. क्रम असा: डमी शब्दांवर चाल, मग खरे शब्द, मग स्क्रॅच, म्हणजे कामचलाऊ, आवाज, मग लय पक्की. लय पक्की म्हणजे दगडावरची रेघ. शूटिंगनंतर पट्टी थोडी बदलता येते, वाद्यं बदलता येतात, लय बदलता येत नाही, कारण ओठ त्या लयीत छापले गेलेत. निर्मात्याला "थोडं फास्ट करू" हे सुचतं ते नेमकं एडिटिंगच्या टेबलावर. त्याला आजच सांगून ठेव.

दुसरं, सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम्स) की २५, हे पहिल्या दिवशी ठरव आणि कॅमेरावाला, साउंडवाला, एडिटर तिघांना लेखी दे. २४चं २५ करायला गेलीस तर गाणं चार टक्के पळतं आणि पाऊण पट्टीच्या आसपास वर चढतं. पेटीवरच्या काळी एकचं गाणं ना धड काळी एक, ना पांढरी दोन. प्लेबॅकचा ट्रॅक ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. व्हॉट्सॲपवरून आलेली एमपी३ सेटवर वाजवायची नाही. प्रत्येक ओळीच्या आधी दोन आवर्तनं सोडून वेगळा क्यू, म्हणजे तिथूनच सुरू होणारा तुकडा, काढून ठेव. नाहीतर शेवटच्या अंतऱ्याच्या क्लोजअपसाठी चाळीस माणसं दर वेळी चार मिनिटं गाणं ऐकत उभी राहतील. स्लो मोशनमध्ये ओठ जुळायला हवे असतील तर २५ ठरवलं असल्यास कॅमेरा ५० चौकटींवर आणि गाणं दुप्पट वेगात. पोरीला त्या वेगात गायचा सराव आठवडाभर आधी दे.

ब्लूटूथ स्पीकर सेटवर आणू नकोस. त्यात आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागं राहतो. २५च्या हिशेबानं एक चौकट ४० मिलिसेकंदांची, म्हणजे अडीच ते पाच चौकटी. हा उशीर ठरावीक असता तर एडिटरनं एकदा सरकवून घेतलं असतं, पण दर जोडणीला तो बदलू शकतो. वायरच लाव. मोठ्या मैदानात दुसरी गंमत: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून ३४ मीटरवरचा माणूस दशांश सेकंद उशिरा टाळी वाजवतो. गर्दीचा शॉट लांबून घेतलास की टाळ्या गाण्याच्या मागं धावताना दिसतात. मागच्या रांगांजवळ वेगळा स्पीकर ठेव, किंवा समोर उंचावर एक माणूस उभा करून त्याच्या हातावर टाळ्या घे. गर्दीचा आवाज वेगळा रेकॉर्ड कर, गाणं बंद करून: कुजबुज, शिट्ट्या, मुखडा सगळ्यांनी मिळून, आणि एक, जो सगळे विसरतात, निरुत्साही टाळ्यांचा. दीडशे माणसं पुरतात. तीन जागा बदलून घे.

गच्चीवरचं पहिलं गाणं मात्र प्लेबॅकवर करू नकोस. १९३२ साली प्रभातनं याच गावात 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा प्लेबॅक नव्हतंच. नट कॅमेऱ्यासमोर गायचे, वादक चौकटीबाहेर बसायचे. आज ते सोपं आहे. पोरीच्या कानात न दिसणारा इअरपीस, त्यात नुसता तानपुरा आणि लय, सेट पूर्ण शांत, वर बूम (लांब काठीवरचा माइक) आणि गळ्याशी लहान माइक. गळ्याची शीर आणि अडकलेला श्वास प्लेबॅकवर येत नाही. रंकाळ्याच्या बाजूची गच्ची घेतलीस तर संध्याकाळचा वारा माइकात घुसेल. सकाळी सातच्या आत उरक.

माइकबद्दल तुझ्या कलादिग्दर्शकाला हे वाचून दाखव. स्टुडिओतला मोठा कंडेन्सर माइक बहुतेक बाजूनं ऐकतो, टोकातून नाही. चित्रपटात नट त्याच्या डोक्यात तोंड घालून गातात आणि प्रत्येक रेकॉर्डिस्ट हसतो. ज्या बाजूला कंपनीची खूण असते ती बहुधा पुढची. समोर जाळीचा पॉप फिल्टर, तोंडापासून वीतभर अंतर. गाताना गायक हेडफोनचा एक कान बऱ्याचदा उघडा ठेवतात, स्वतःचा खरा आवाज ऐकायला. हा एवढा तपशील तुझ्या नायिकेला गायिका करून टाकेल. स्टेजवर ती माइकजवळ गेली की "कूं" करून शिट्टी वाजते, हे प्रत्येक चित्रपटात असतं, ते नको. ती शिट्टी माइक स्पीकरच्या तोंडाशी गेला किंवा आवाज फार चढवला तर येते. लाजऱ्या माणसाला बघून येत नाही.

हलगी. हिच्यासाठी अर्धा दिवस जास्तीचा धर. चामडं ओलीनं सैल पडतं, शेकलं की चढतं. कागद-पाचोळा पेटवून वादक ती शेकतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ती पुन्हा उतरायला लागते, पावसाळ्यात त्याहून लवकर. पहिल्या टेकची हलगी आणि सहाव्या टेकची हलगी यांचा सूर जुळणार नाही. म्हणून प्रत्येक टेकआधी शेकायचं, आणि जुळवायला एक संदर्भाचा ठोका फोनमध्ये ठेवायचा. माइक डायनॅमिक, हातभर लांब, थोडा तिरका, गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) खाली. घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर घे, म्हणजे स्टुडिओच्या रूपात त्यांना एकेक करून काढून टाकता येईल. ते काढून टाकणं कथेत हवंच आहे.

मैदानातल्या कार्यक्रमाचा प्रसंग तू रात्री बाराला संपवलास. नियमानं ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, शासन बारापर्यंत सवलत देऊ शकतं. तुझ्या गोष्टीत त्या दिवशी सवलत नाही असं ठेव. नऊ वाजून बावन्न मिनिटं, दोन गाणी बाकी, खाली हवालदार घड्याळ बघतोय. तुला कृत्रिम ताण आणायची गरजच पडणार नाही.

ऑर्केस्ट्राच्या प्रसंगात जुनं चित्रपटगीत घ्यायचा मोह टाळ. दुसऱ्या गळ्यातून गाऊन घेतलंस तरी शब्द आणि चालीच्या मालकाची परवानगी लागते, आणि मूळ रेकॉर्डिंग वाजवलंस तर मास्टरच्या मालकाचीही. कार्यक्रमासाठी काढलेला परवाना चित्रपटात चालत नाही. तुझ्या संगीतकाराकडून जुन्या वळणाचं नवं गाणं करून घे. ते स्वस्त पडेल आणि तुझं राहील.

गाणं गाजलं हे दाखवायला तू फोनच्या पडद्यावरचे पळते आकडे घेतलेस. तेही काढ. तू कोल्हापुरातली आहेस. गळीत हंगामात पहाटे उसाचे दोन ट्रेलर ओढत, दिवे कमी आणि स्पीकर जास्त असा ट्रॅक्टर जातो, त्यावर ते गाणं वाजलं की गाजलं. ते स्टुडिओतून घालू नकोस. खऱ्या ट्रॅक्टरच्या स्पीकरवर लाव, रस्त्याकडेला माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड कर. येताना सूर किंचित चढा, जाताना उतरता, मधे इंजिन. चहाच्या गाड्यावरचा फोन, रिक्षातला फुटका स्पीकर, हेही तसंच. हलगीवाला रस्त्याकडेला उभा आहे, त्याचाच ठेका त्याच्या अंगावरून जातो. त्याचे ते चार सूर त्यात नाहीत. तो काही बोलत नाही. तू तिथं त्याला एक संवाद दिलायस, तो खोड.

चित्रनगरीत स्टुडिओ आणि केबिनचे प्रसंग उरकता येतील, पण स्टुडिओचा सेट लावलास तर काच दुहेरी आणि थोडी तिरकी लाव. खरी तशीच असते. कॅमेऱ्याची प्रतिबिंबंही कमी पडतात.

पुढच्या भेटीला येताना तीन गोष्टी आण: मुख्य गाण्याचा स्क्रॅच, त्याच्या लयीचा आकडा आणि पट्टी लिहिलेली चिठ्ठी, आणि कुणाचे किती टक्के याचा सह्या केलेला कागद. तिसरी गोष्ट आत्ताच मागतोय त्याला कारण आहे. तुझ्या पटकथेच्या अकराव्या पानावर मुखडा आणि दोन अंतरे पूर्ण छापलेत, आणि ते चांगले आहेत. "तिच्या दारी हलगी घुमते" ही ओळ तुझ्या हाताची वाटत नाही. मुखपृष्ठावर फक्त तुझं नाव आहे. ते शब्द कुणाचे?

तुझा,
काका